पाऊल खाली दाबता येतं, वर उचलत नाही

प्रश्न : माझं वय ५८. डाव्या खुब्याची वाटी जन्मतःच उथळ होती, पण ते लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही. तिशीत दुखायला लागलं, चाळिशीनंतर लंगडणं दिसायला लागलं. सात आठवड्यांपूर्वी खुबा बदलला. हा पाय उजव्यापेक्षा आखूड होता, तो आता बरोबरीला आला आहे. पण दुसऱ्या दिवशी वॉकरला धरून उभं केलं तेव्हा पाऊल लोंबत होतं. अंगठा वर होत नाही. पावलाच्या वरच्या बाजूला कापूस चिकटवल्यासारखं वाटतं. पाऊल खाली दाबता येतं, वर मात्र घेता येत नाही. सर्जन म्हणतात, ‘नस ताणली गेली आहे, येईल हळूहळू, वाट बघा.’ मुलगा म्हणतो, ‘त्यांनी नस कापली.’ मी दोघांच्या मध्ये सापडले आहे. खुबा आता अजिबात दुखत नाही, पण तेवढं बोलायचीही मला चोरी झाली आहे. पाऊल परत येईल का? आणि वाट बघायची म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी थांबून पुन्हा वाचलं. ‘पाऊल खाली दाबता येतं.’ तुम्ही ते तक्रारीच्या ओघात लिहून गेलात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, खुबा बदललेल्या माणसांना पहिल्यांदा उभं करण्याचं काम गेली सव्वीस वर्षं करते आहे, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच आहे. ती का, ते सांगते.

खुब्याच्या सांध्याच्या मागून सायटिक नस जाते. शरीरातली सगळ्यात जाड नस, रुंदीला जवळपास आपल्या हाताच्या अंगठ्याएवढी. दिसायला एक असली तरी एकाच वेष्टनात शेजारी शेजारी चालणाऱ्या त्या दोन नसा आहेत. आतली पोटरीला आणि तळपायाला जाते. बाहेरची, पेरोनियल, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने वळसा घेऊन नडगीपुढच्या स्नायूंना जाते. पाऊल खाली दाबायचं काम आतलीचं, वर उचलायचं बाहेरचीचं. तुमची आतली नस काम करते आहे. म्हणजे मार बसला आहे तो अर्ध्या भागाला, आणि दोन्हींत जी जास्त नाजूक आहे तिला.

ती नाजूक का, याची कारणं तिच्या घडणीतच आहेत. ती सांध्याच्या जास्त जवळ असते. तिच्यातले धाग्यांचे जुडगे मोठे आणि थोडे, मधली मऊ भर कमी, त्यामुळे दाब थेट धाग्यांवर येतो. शिवाय ती दोन ठिकाणी अडकलेली असते: वर कटीच्या हाडातल्या खाचेपाशी आणि खाली गुडघ्याच्या बाहेर, बारीक हाडाच्या मानेशी. दोन खुंट्यांना बांधलेली दोरी मध्येच ओढली तर ताण सगळा तिच्यावरच येणार. तुमचा पाय इतकी वर्षं आखूड होता, नसही तेवढ्याच लांबीची सवय लागलेली होती. पाय बरोबरीला आणला तेव्हा हाड, सांधा, स्नायू यांच्याबरोबर तिलाही लांब व्हावं लागलं.

मुलाला हा भाग वाचून दाखवा. खुबा बदलताना नस प्रत्यक्ष कापली जाणं फार विरळा. ताण हे एक कारण. जखम उघडी धरायला जी अवजारं लावतात त्यांचा दाब, आत साचलेलं रक्त, वाटी बसवताना चुकीच्या दिशेने गेलेला स्क्रू, सांधा हाडात पक्का करायला वापरतात ते सिमेंट घट्ट होताना निघणारी उष्णता, नंतर सांधा निखळणं, ही बाकीची. आणि जवळपास निम्म्या रुग्णांत नेमकं कारण शेवटपर्यंत हाती लागत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने पहिल्यांदाच खुबा बदललेल्या २७,००४ शस्त्रक्रिया तपासून २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्नायूंची ताकद गेलेले रुग्ण ०.१७ टक्के होते. त्याआधी १९९१ साली अमेरिकेतच ३,१२६ खुब्यांचा अभ्यास झाला, त्यात हे प्रमाण एकूण १.७ टक्के आलं, पण तुमच्यासारख्या जन्मतः उथळ खुब्यांमध्ये ५.२ टक्के. म्हणजे धोका तुमच्या बाबतीत मुळातच जास्त होता. हा धोका शस्त्रक्रियेआधी तुम्हाला नीट समजावून सांगितला होता का, हा प्रश्न मुलाने जरूर विचारावा. तो विचारण्याचा त्याला हक्क आहे. पण चुकीचा आरोप करून विचारला तर समोरचा माणूस बोलायचाच थांबतो, आणि तुम्हाला तर पुढची दोन वर्षं त्याच सर्जनशी बोलत राहायचं आहे.

भेटीला जाताना शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागा. त्यातून चार गोष्टी विचारा: पाय किती सेंटिमीटरने वाढला, नस डोळ्यांनी पाहिली होती का, स्क्रू किती आणि कुठे आहेत, आणि पावलाची ताकद पहिल्यांदा कुणी, कधी, किती नोंदवली. ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. शस्त्रक्रियेआधी पाच आणि नंतर शून्य, की नंतर एक, यात फार मोठा फरक आहे. ज्यांची थोडीशी तरी हालचाल शिल्लक असते किंवा पहिल्या दोन आठवड्यांत परत येते, त्यांचा रस्ता बराच सोपा असतो.

आता ‘वाट बघा’ याविषयी. सर्जन खोटं बोललेले नाहीत, पण अर्धंच बोलले आहेत. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला हातावर हात ठेवून बसायचं आहे. वाट नसेची बघायची असते. पाऊल, घोटा, पोटरी यांची नाही.

नसेला झालेल्या इजेचे तीन प्रकार ब्रिटिश सर्जन हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली मांडले, आम्ही अजून तेच वापरतो. पहिल्यात नस फक्त बधिर होते, आतले धागे शाबूत असतात. ती काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत जागी होते. दुसऱ्यात आतले धागे तुटतात पण त्यांची नळी शाबूत राहते, आणि नवे धागे त्याच नळीतून वाढत खाली येतात. तिसऱ्यात सगळंच तुटतं, तिथे आपोआप काही होत नाही. ताणलेल्या नसेत बहुधा पहिला आणि दुसरा प्रकार मिसळलेले असतात.

धागे वाढतात दिवसाला साधारण एक मिलिमीटर, महिन्याला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. खुब्यापासून नडगीच्या स्नायूपर्यंतचं अंतर पन्नास सेंटिमीटरच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा. सात आठवड्यांत काही हललं नाही म्हणून धीर सोडण्याचं कारण नाही, नस अजून मांडीतच असेल.

सात आठवडे झाले आहेत, म्हणजे ईएमजी (स्नायूतली वीज बघणारी) आणि एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) या तपासण्या झाल्या नसतील तर आता करून घ्या. पहिल्या तीन आठवड्यांत केलेली ईएमजी फसवी असू शकते, कारण धागे तुटल्याच्या खुणा स्नायूत उमटायला तेवढा वेळ लागतो. तपासणाऱ्या डॉक्टरांना एक आठवण जरूर करा: मांडीच्या मागच्या ‘बायसेप्स फेमोरिस’ या स्नायूचं आखूड डोकं तपासाल ना? मांडीत पेरोनियल भागाकडून चालणारा तो एकमेव स्नायू. तो बिघडलेला असेल तर इजा वर, खुब्याशी. तो ठणठणीत असेल तर इजा गुडघ्याखाली, बारीक हाडाच्या मानेशी असण्याची शक्यता, आणि तिथे घट्ट बँडेज किंवा पट्ट्याचा दाब हे कारण निघू शकतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तीन-चार महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करून आधीच्या कागदाशी ताडून बघायची. दोन्ही वेळा त्याच ठिकाणी केलीत तर उत्तम.

तोवर तुमचं काम. नस खाली पोचेल तेव्हा तिला काम करता येईल असं पाऊल तिच्या हाती द्यायचं. वर उचलणारा स्नायू झोपला की खाली दाबणारी पोटरी एकटीच ओढत राहते, आणि दोन-तीन महिन्यांत टाचेची शीर आखडते. एकदा घोटा खाली वाकलेला घट्ट बसला की मग नस येऊनही उपयोग नसतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते टाळता येण्यासारखं होतं म्हणून फार लागतं.

म्हणून दिवसातून चार वेळा घोटा वर वळवायचा. पण तुमची नस ताणली गेलेली आहे, त्यामुळे सर्रास सांगतात तसा, पाय लांब करून बसून टॉवेल ओढण्याचा व्यायाम आत्ता करू नका. त्या स्थितीत खुबा वाकलेला आणि गुडघा सरळ, म्हणजे नसेवर सगळ्यात जास्त ताण. उताणं झोपा, गुडघ्याखाली उशी घ्या, आणि मुलाला टाच तळहातात धरून चवडा हळूच वर ढकलायला सांगा. तीस सेकंद धरायचं, सोडायचं, पाच वेळा. मांडीच्या मागून वीज गेल्यासारखी कळ आली तर तिथेच थांबायचं. कळ येत नसेल तर काही आठवड्यांनी उशी पातळ करत न्यायची. मुलगा इतका चिडलेला आहे, त्याच्या हातांना हे काम द्या. त्यालाही बरं वाटेल, असा माझा अनुभव आहे.

चालताना एएफओ, म्हणजे घोट्याला काटकोनात धरणारं प्लास्टिकचं स्प्लिंट, बुटाच्या आत घालायचं. अनेक बायका ते ‘अपंगासारखं दिसतं’ म्हणून टाळतात. ताई, लोंबतं पाऊल अडखळून पडलात तर नवा खुबा निखळू शकतो, हाड मोडू शकतं. ते घाला. आत सुती मोजा हवा. सकाळ-संध्याकाळ काढून त्वचा बघा, कारण बधिर भागाला बूट चावलेला कळणार नाही. लाल डाग अर्ध्या तासानंतरही उरला तर स्प्लिंट बदलून घ्या. गुडघ्याच्या बाहेर खालच्या बाजूला पट्टा रुतता कामा नये, आधीच दुखावलेल्या नसेला तिथे दुसरा मार बसतो. त्याच कारणासाठी पायावर पाय टाकून बसायचं नाही. बधिर भागाला गरम पाण्याची पिशवी नाही. झोपतानाही पाऊल आधार देऊन सरळ ठेवायचं.

स्नायूला विजेचे हलके झटके देणाऱ्या यंत्राचं बरेच जण विचारतात. त्याने माणसाची नस लवकर वाढते असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मला पटलेला नाही. काही रुग्णांना मी ते लावते, पण यंत्र विकत घेऊन ताणाचे व्यायाम सोडणार असाल तर नको. त्यापेक्षा रोज दहा मिनिटं दोन्ही पावलं डोळ्यांसमोर ठेवून दोन्ही एकदम वर उचलण्याचा प्रयत्न करा. डावं उचलणार नाही. तरी करा.

आणि सुरुवात कुठे दिसते ते माहीत असू द्या. सगळे अंगठ्याकडे टक लावून बसतात. नस वरून खाली येते, त्यामुळे आधी जागा होतो नडगीपुढचा मोठा स्नायू, अंगठ्याचा नंतर. घोट्याच्या समोर, जरा आतल्या बाजूला एक दोरी असते. उचलण्याचा प्रयत्न करताना ती दोरी बोटाखाली थरथरते का, ते आठवड्यातून एकदा बघा आणि तारीख टाकून लिहून ठेवा. नसेच्या वाटेवर हलकं ठोकलं की खाली मुंग्या जातात, फ्रेंच डॉक्टर झ्यूल तिनेल यांनी १९१५ साली वर्णन केलेली ही खूण महिन्यागणिक खाली सरकत गेली तर धागे वाढताहेत. मधूनच ठिणग्या उडाल्यासारखं झालं तर घाबरू नका. मात्र रात्रीची झोप मोडेल इतकी आग होऊ लागली तर सहन करत बसू नका, त्यावर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांसारखी औषधं आहेत. त्यांनी गुंगी येते आणि तोल जातो, म्हणून ती डॉक्टरांकडूनच, थोड्या मात्रेपासून.

पाऊल परत येईल का? ढोबळमानाने दहापैकी चार जण पूर्ण बरे होतात, साधारण तितक्याच जणांना किरकोळ उणीव राहते, उरलेल्यांना कायमचा त्रास. हे व्हायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. तुम्ही कुठल्या गटात असाल हे आज कुणालाही सांगता येणार नाही, पण तुमची आतली नस चालू आहे आणि इजा ताणाची दिसते, हे दोन्ही मुद्दे तुमच्या बाजूचे आहेत. सहा महिन्यांपर्यंत ईएमजीवर काहीच हालचाल नसेल तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या. त्याला उशीर करू नका, कारण स्नायू साधारण दीड वर्षापलीकडे नसेची वाट बघत नाही. आणि समजा पाऊल आलंच नाही, तर पोटरीच्या आतल्या बाजूच्या एका स्नायूची दोरी पावलाच्या वर फिरवून बसवता येते. ती दोरी आतल्या नसेवर चालते. पाऊल खाली दाबता येतं हे तुमचं वाक्य म्हणून मला एवढं मोलाचं वाटलं.

खुबा दुखत नाही, हे मोकळेपणाने बोला. वीस-पंचवीस वर्षांचं दुखणं गेलं आहे. पाऊल लोंबतंय म्हणून ते खोटं ठरत नाही.

प्रश्न : माझं वय ६४. पुढच्या बाजूने छेद घेऊन खुबा बदलला. चालणं उत्तम आहे, पण मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर आहे. हीच का ती नस?

उत्तर : नाही काका. ही निव्वळ कातडीची नस, ती एकही स्नायू हलवत नाही. पुढच्या छेदाच्या अगदी वाटेवर असल्याने ती बऱ्याच जणांत दुखावते. बधिर भाग महिन्यामहिन्याने आक्रसत जातो, थोडा कायमही राहतो. कंबरपट्टा सैल ठेवा. मात्र जिना उतरताना गुडघा अचानक दुमडत असेल तर ती वेगळी, मांडीच्या पुढच्या स्नायूची नस असू शकते. ते लगेच सर्जनना सांगा.

प्रश्न : आईचा खुबा पुढच्या महिन्यात बदलायचा आहे. पाऊल लोंबण्याविषयी ऐकून ती घाबरली आहे. रात्री तिच्याजवळ मी थांबणार आहे. मी काय बघू?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मला माझीच एक संध्याकाळ आठवली, ती तुम्हाला सांगते.

नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. सत्तरीच्या एका आजींचा डावा खुबा दुपारी बदलला होता, मणक्यात भूल देऊन. संध्याकाळी मी ‘अंगठा वर करा’ म्हटलं. उजवा छान वर झाला, डावा नाही. मी कागदावर लिहिलं, ‘भूल अजून उतरलेली नाही’, आणि घरी गेले. मणक्यातली भूल दोन्ही पायांना असते. उजवा पाय पूर्ण जागा झाला होता, मग डाव्याचं कारण भूल कशी असेल, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. सकाळी आजी कण्हत होत्या. नितंब टणक, तळपायही बधिर झालेला. आत रक्त साचून नसेवर दाब आला होता. सर्जननी तातडीने जखम उघडून ते काढलं. पाऊल वर्षभराने बरंचसं आलं, पण लांब चालायचं असलं की त्यांना स्प्लिंट लागायचं. त्या संध्याकाळी मी फोन केला असता तर काय झालं असतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. महिनाभराने मी त्यांना ही नोंद दाखवली आणि माझी चूक सांगितली. त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला आणि मग विचारलं, ‘आता सगळ्यांचे दोन्ही अंगठे बघतेस ना?’

तेव्हा दोन्ही बघा. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आईला दोन्ही अंगठे आणि पावलं वर-खाली करायला सांगून ठेवा, म्हणजे मुळात ताकद किती होती ते तुम्हाला माहीत असेल. कमरेतून सायटिकाचा जुना त्रास असेल तर सर्जनना आधीच सांगा, आधीच दबलेल्या नसेला दुसरा धक्का सोसत नाही. शस्त्रक्रियेनंतर भूल उतरू लागली की दर तासाला तेच करायला लावा आणि वेळ लिहा. पायाला वेगळं नस बधिर करणारं इंजेक्शन दिलंय का, ते आधी विचारून घ्या, नाहीतर त्याचा परिणाम उगाच घाबरवेल. एक पाय जागा आणि दुसरा नाही, आधी हलणारं पाऊल हलेनासं झालं, किंवा औषध देऊनही नितंबातली कळ वाढत चालली, यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, नर्सना उठवा आणि सर्जनना फोन करायला सांगा. ते येईपर्यंत गुडघ्याखाली उशी ठेवून गुडघा थोडा वाकवा आणि पलंगाची डोक्याकडची बाजू खाली करायला सांगा, त्याने नस सैल पडते. ‘सकाळी राउंडला बघू’ असं कुणी म्हणालं तर तुम्ही लिहिलेला वेळांचा कागद पुढे करा.